रिमला पोचे पडलेत, चाक टाकून द्यायचं का?

प्रश्न : दोन वर्षांपासून मी माउंटन बाइक चालवतो. सायकल हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही. चाकं 29 इंची, रिम ॲल्युमिनियमच्या, ब्रेक डिस्कचे, टायर 2.4 इंची ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले. माझं वजन 82 किलो. पकड चांगली मिळते म्हणून मागच्या टायरमध्ये 20 पीएसआय हवा ठेवत आलो. गेल्या महिन्यात दगडगोट्यांच्या उतारावर मागच्या रिमला तीन पोचे पडले. दोन लहान आहेत. तिसरा चांगलाच खोल आहे आणि रात्रभरात तिथून हवा निघून जाते. चाक थोडं डुलतंही. सोबतच्यांपैकी एक म्हणतो पान्याने सरळ करून टाक, दुसरा म्हणतो एकदा वाकलेली रिम केव्हाही दगा देईल, फेकून दे. मी रोज चाक फिरवून पोचे बघतो आणि सायकल परत जागेवर ठेवतो. बाहेर काढायची हिंमत होत नाही. काय करू?

उत्तर :

नमस्कार. सायकल घरात आणि मन डोंगरात, असा महिना काढणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. म्हणून निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून.

दोन लहान पोचे आहेत तसे राहू द्या, त्यांना हातही लावू नका. तिसरा पोचा टायर नीट बसण्यापुरताच सरळ करा, अगदी नव्यासारखा करायच्या नादी लागू नका. आणि मागच्या टायरची हवा वाढवा. एवढं केलंत तर हीच रिम अजून बरेच दिवस चालेल. अट एकच, तिला कुठेही तडा गेलेला नसावा. तडा असेल तर मात्र माझं उत्तर तुमच्या दुसऱ्या मित्रासारखंच आहे.

पोचा आणि तडा यांत लोक गल्लत करतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पोचा म्हणजे धातू वाकला, तडा म्हणजे धातू फाटला. डिस्क ब्रेकच्या सायकलीत रिमकडे तीन कामं असतात. टायरचा बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी त्याची कड, धरून ठेवायचा, ट्यूबलेस असेल तर हवा अडवायची आणि सगळ्या स्पोकांचा ताण झेलायचा. ब्रेकशी तिचा काही संबंध नसतो. तुमचे लहान पोचे यातल्या एकाही कामाच्या आड येत नाहीत. तिथे टायर बसलेला आहे, हवा टिकते आहे. ते डोळ्यांना खुपतात, एवढंच. (ज्यांच्या जुन्या सायकलींचे ब्रेक थेट रिमवर घासतात त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांच्याकडे पोच्याची जागा प्रत्येक फेऱ्याला ब्रेकमध्ये अडकते, चाक हिसके देतं, आणि घासून घासून पातळ झालेली भिंत सरळ करताना फाटण्याची भीतीही जास्त असते. तशा रिमवर ठळक पोचा पडला की ती बदललेलीच बरी.)

तर पहिलं काम तडा शोधण्याचं. घाई करू नका, एक निवांत संध्याकाळ याला द्या. टायर पूर्ण उतरवा, आतलं सीलंट (गळती बुजवणारा द्रव) पुसून काढा, पोच्यापाशी रिमची टेप वीतभर सोलून घ्या. ओल्या फडक्याने माती काढा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च रिमला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. वरून सरळ उजेड पाडला तर बारीक तडा दिसत नाही. आडव्या उजेडात त्याची सावली पडते आणि तो उघडा पडतो. पोच्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे वाकलेला भाग जिथे सरळ भागाला मिळतो तिथे, आधी बघा. मग पोच्याच्या आत, रिमची उभी कड आणि टायर टेकतो ती बैठक यांच्या कोपऱ्यात. त्यानंतर निपलांच्या, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटांच्या, भोकांभोवती. तिथे तडे पोच्यामुळेच जातात असं नाही, स्पोकांच्या सततच्या ओढीनेही जातात. पण चाक हातात घेतलंच आहे तर ते बघितल्याशिवाय खाली ठेवू नका.

बघून झालं की नख फिरवा. नख अडलं आणि ओरखडा आहे की तडा ते कळेना, तर त्या जागी काळा मार्कर फासा आणि लगेच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. शाई रेघेत शिरून राहते. ओरखड्यातही थोडी राहतेच, पण ओरखडा सरळ आणि उथळ असतो, दगड ज्या दिशेने घासला त्या दिशेचा. तड्याची रेघ केसासारखी बारीक आणि वाकडीतिकडी असते. एका गोष्टीला मात्र फसू नका. बहुतेक रिमना व्हॉल्व्हच्या भोकाच्या बरोबर समोर जोड असतो. रिम ही सरळ पट्टी वळवून केलेली असते, तिची दोन टोकं तिथे एकत्र येतात. ती आडवी रेघ म्हणजे तडा नव्हे. ती उघडलेली दिसली, बोटाला दोन्ही बाजूंना उंच-सखल लागली, तरच काळजी.

तडा नाही ना? मग पुढे वाचा.

तुमच्या दोन्ही मित्रांचं अर्धं अर्धं खरं आहे. ॲल्युमिनियमच्या रिम साधारणपणे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या मिश्रधातूच्या असतात, 6061 हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. हा धातू मुळात मऊ. त्याला 500 अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन थंड करतात आणि मग 160 ते 180 अंशांवर काही तास ठेवतात. त्या भाजणीतून त्याला ताकद येते. असा धातू दगडाच्या माराने वाकतो तेव्हा वाकलेल्या जागी तो आणखी कडक होतो आणि त्याची वाकण्याची ऐपत कमी होते. तुम्ही तो सरळ करता तेव्हा ती आणखी खर्च होते. तार पुन्हापुन्हा उलटसुलट वाकवली की मोडते, तेच इथेही. म्हणजे एकदा वाकलेली रिम एकदा बेताने सरळ करता येते. तीच जागा दुसऱ्यांदा वाकली, तर पुन्हा सरळ करायच्या फंदात पडू नये.

यातूनच दुसरी गोष्ट येते. कुणी म्हणेल, थोडी गरम करा, मऊ पडेल, पटकन सरळ होईल. करू नका. मऊ पडेल हे खरं, पण कायमची. त्या भाजणीतून आलेली ताकद तुम्ही ज्योतीखाली घालवून बसाल. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, रंग न बदलताच वितळण्यापर्यंत जातं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मागच्या रिमला पाच पोचे होते, हवा त्यातल्या एकातून जायची. तो सरळ झाला, टायर बसला, हवा टिकली. तिथे थांबायला हवं होतं. पण पान्याला हात सरावला होता आणि उरलेले चार डोळ्यांत सलत होते, म्हणून तेही काढायला घेतले. तीन जमले. शेवटचा जवळजवळ सपाट झाला होता, रेषेत यायला केसभर बाकी होतं, आणि कड बोटाखाली ‘कट्’ झाली. आवाज अगदी हलका, सुपारी फुटावी तसा. उजेडात बघितलं तर नखाएवढी रेघ. जो पोचा वर्षभर काही त्रास न देता टायर धरून होता, तोच मी सुंदर करायला गेलो आणि रिम घालवून बसलो. तुमच्या पत्रातले ते ‘दोन लहान’ वाचताना मला तोच आवाज आठवला. म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय, त्यांना हात लावू नका.

आता तिसरा. तो बाहेर फाकलाय की आत वळलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेपला जातो तेव्हा बहुतेकदा कड खाली दबते आणि बाहेर फाकते. कधी कधी आतही वळते. दोन्हींची युक्ती थोडी वेगळी आहे.

आधी मोजा. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर साधी पट्टी. पोच्यापासून हातभर लांब, चांगल्या जागी दोन्ही कडांमधलं आतलं अंतर घ्या. समजा ते 30 मिलिमीटर आलं. मग पोच्यावर घ्या, समजा 34 आलं. म्हणजे तुम्हाला 4 मिलिमीटरपैकी साधारण 3 परत आणायचे आहेत. शेवटचा एक सोडून द्यायचा आहे. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, कारण काम करताना डोळा फसवतो.

कड बाहेर फाकली असेल तर मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो सी क्लॅम्प. कठीण लाकडाचे दोन ठोकळे घ्या. एक फुगलेल्या कडेच्या बाहेरून लावा, दुसरा समोरच्या कडेच्या बाहेरून. समोरचा ठोकळा लांब हवा, निदान वीतभर, म्हणजे त्या बाजूचा दाब लांबीवर पसरतो आणि चांगली कड वाकत नाही. पोच्याकडचा ठोकळा आखूड. क्लॅम्प अर्धा फेरा आवळा, दोन श्वास थांबा, सोडा, मोजा. धातू थोडा परत उसळतो, त्यामुळे आवळलेला असताना दिसतो तो आकार खरा नव्हे. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा सोडून मोजा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

कड आत वळली असेल तर ॲडजस्टेबल पाना. त्याच्या जबड्याला आतून इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या, म्हणजे रिमवर दात उमटणार नाहीत. त्या प्रत्येक खुणेतून पुढे तडा सुरू होऊ शकतो. जबडा कडेच्या जाडीइतकाच उघडा, ढिला ठेवू नका. फक्त कड पकडा, खाली बैठकीपर्यंत पाना खुपसू नका. आणि सुरुवात पोच्याच्या मध्यापासून करू नका. दोन्ही टोकांकडून थोडं थोडं उघडत मध्याकडे या. मध्यावरच जोर लावला तर तिथे एक टोकदार वळण तयार होतं आणि पोच्यापेक्षा वाईट आकार हाती येतो. हिसका द्यायचा नाही, शरीराचं वजन टाकायचं नाही. मनगटाच्या जोरावर न वळणारी कड वळवायचा हट्ट धरू नये. हातोडी मी या कामात वापरत नाही. रबरी असली तरी तिचा घाव मोजता येत नाही.

कड साधारण जागेवर आली की तिच्यावर बोट फिरवा. दगडाने धातूची धार उभी केलेली असते, ती टायरची बाजू कापते. बारीक कानशीने ती मोडा आणि वर पॉलिश पेपर फिरवा. फक्त धार मोडायची, भिंत पातळ करायची नाही. मग पुन्हा टॉर्च, पुन्हा नख. सरळ करतानाच तडा जाऊ शकतो, म्हणून ही दुसरी तपासणी पहिल्याहून महत्त्वाची.

टेप जुनीच परत चिकटवू नका, पूर्ण नवी लावा. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्त रुंद घ्या, ताणून लावा, शेवट सुरुवातीवर किमान 10 सेंटिमीटर चढवा. पोच्यावर अंगठ्याने दाबत जा, तिथे हवेचा बुडबुडा राहायला नको. टायर चढवून, आत नवं सीलंट घालून दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा आणि हवा भरा. बीड जागेवर बसताना ‘टक्, टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. रिमवर आणि टायरवर जी कमाल हवा लिहिलेली असते तिच्यातली जी कमी असेल, तिच्या पुढे मात्र जाऊ नका. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ गोल गेलेली असते. चाक फिरवून बघा, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. पोच्यापाशी ती आत बुडत असेल तर बीड बसलेला नाही.

आता पोच्यावर साबणाचा फेस थापा आणि नुसतं बघत राहा. मोठे बुडबुडे भराभर येत असतील तर काम बाकी आहे. मोहरीएवढे बारीक बुडबुडे हळूहळू येत असतील तर ते काम सीलंटचं. चाक पोच्याची बाजू खाली करून एखाद्या बादलीवर आडवं ठेवा, म्हणजे सीलंट तिथे जमा होईल. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी हवा मोजा. एक-दोन पीएसआय उतरली तर ठीक आहे, ट्यूबलेसमध्ये एवढं चालतं. निम्मी गेली असेल तर एकदा, फक्त एकदाच, अजून थोडं सरळ करून बघा. तरीही टिकेना, तर ट्यूब टाकून चालवा किंवा रिम बदला. तिसऱ्यांदा पाना उचलू नका.

ट्यूब टाकणार असाल तर टायरच्या आतून आधी हात फिरवा, सावकाश, कापड धरून. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्महिने काटे रुतलेले असतात, सीलंटमुळे ते कळत नाहीत. ट्यूब टाकली की पहिल्या दोनशे मीटरमध्ये पंक्चर. वाटेत पोचा पडून हवा सुटली तरी हेच. आधी काटे, मग ट्यूब, आणि परतीचा रस्ता सावकाश.

चाक डुलतंय त्याबद्दल. डुलणं दोन तऱ्हांचं असतं, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. सायकल उलटी करून मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या पट्टीला एक केबल टाय बांधा, तिचं टोक रिमजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. डावी-उजवीकडचा आऊट, म्हणजे डुलणं, स्पोकांनी निघतो. रिम उजवीकडे येत असेल तर त्या जागचे डावे स्पोक घट्ट, उजवे तितकेच सैल, पाव पाव फेरा, त्याहून जास्त नाही. 2 मिलिमीटरच्या नेहमीच्या स्पोकचा एक पूर्ण फेरा म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर ओढ, आणि चाकाला तेवढी पुष्कळ असते. दिशा चुकू नये म्हणून एक लक्षात ठेवा, टायरच्या बाजूने निपलकडे बघत असाल तर घड्याळाच्या दिशेने घट्ट. सायकल उलटी असली की नजर नेमकी उलट बाजूने जाते आणि भलेभले तिथे चुकतात.

वर-खालीचा आऊट म्हणजे रिम त्या जागी हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, दबलेली आहे. तो स्पोकांनी पूर्ण निघत नाही, आणि काढायचा प्रयत्न फार करूही नये. दबलेल्या जागी रिम जवळ आल्यामुळे तिथले स्पोक आधीच सैल पडलेले असतात. एकेक स्पोक बोटाने छेडून बघा, सैल स्पोकचा सूर खाली जातो. मागच्या चाकात दोन बाजूंचे सूर मुळातच वेगळे असतात, कॅसेटच्या (गिअरच्या चकत्यांच्या) बाजूचे स्पोक जास्त ताणलेले, म्हणून तुलना एकाच बाजूच्या स्पोकांशी करा. आता रिम गोल करायची तर ते सैल स्पोक आणखी सैल करावे लागतात, आणि सैल स्पोक प्रत्येक फेऱ्याला ताणला-सुटला जाऊन हबपाशी वाकतो त्या कोपऱ्यात तुटतो. गोल दिसणारं पण ताण सारखा नसलेलं चाक घेण्यापेक्षा मिलिमीटरभर दबलेलं, सगळे स्पोक नीट ताणलेले चाक मी केव्हाही पसंत करेन. डोंगरातल्या वाटेवर जाड टायरखाली तो एक मिलिमीटर जाणवतही नाही. हे काम आधी केलेलं नसेल तर पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसून करा. पोचा घरी जमतो, स्पोकांना मात्र सवयीचा हात लागतो.

आता मूळ दुखणं. 82 किलो वजन, हार्डटेल, दगडांचा उतार आणि मागे 20 पीएसआय. तीन पोचे पडले यात मला नवल वाटत नाही. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसतं, टायर हेच तिथलं सस्पेन्शन. आणि मागच्या चाकावर वजनही जास्त येतं. पुढचं चाक आपण बघून, उचलून, दगडाच्या कडेने नेतो. मागचं चाक आपल्यामागून आपोआप येतं आणि तोच दगड पुरता खातं. कमी हवेने पकड मिळते हे खरंच आहे, पण ती पुढच्या टायरमध्ये जास्त कामी येते. मागे 25 पासून सुरुवात करा, पुढे 21-22. वाटेवर ‘ठक्’ असा रिमचा आवाज आला तर मागे एकेक पीएसआय वाढवा. 27 वर गेलात तरी हरकत नाही. उलट टायर दगडांवर चेंडूसारखा उडायला लागला तर एक कमी करा.

आकडे सांगतोय खरे, पण तुमचा मापक काय सांगतो हेही महत्त्वाचं. उभ्या पंपावरचा काटा एवढ्या कमी हवेला बेभरवशाचा असतो, त्याच्या तबकडीवर 20 आणि 25 मधलं अंतर काडीएवढं. कमी दाबासाठीचा वेगळा डिजिटल मापक घ्या आणि कायम तोच वापरा. हवा फेरी जिथून सुरू करता तिथे मोजा, आदल्या रात्री घरात नव्हे. बाहेरचं तापमान 10 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक ते दीड पीएसआयने कमी भरते. तुमच्या 20 मधून तेवढी गेली की साडेअठरा उरते, आणि रिम वाचते की आपटते हे एवढ्यावरही ठरू शकतं.

हवा वाढवूनही पोचे पडत राहिले तर मागे जाड बाजूचा टायर घाला. अशा मजबूत केसिंगचा (अंगाचा) टायर दोनशे ग्रॅमने जड असतो, चढावर जाणवतो, पण 82 किलोच्या चालवणाऱ्याला तो शोभतो. टायरच्या आत बसणारी फोमची कडी हाही चांगला उपाय. ती रिम आणि दगडाच्या मध्ये गादीसारखी राहते. मी आधी हवा, मग टायर, मग फोम या क्रमाने जाईन. आणि चौकोनी दगड समोर आला की खोगिरावर बसून राहू नका. उभे राहा, गुडघे मोकळे सोडा, मागचं चाक दगडाला लागायच्या क्षणी पाय किंचित वर ओढून घ्या. नुसतं एवढ्यानेही मार पुष्कळ हलका होतो.

रिम बदलायची वेळ आलीच तर पूर्ण चाक टाकू नका. हब चांगला असेल तर फक्त रिम बदलते. भोकांची संख्या तीच हवी, 28 ला 28, 32 ला 32. टायरवर 61-622 असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला 622 हा 29 इंची चाकाचा आकडा आहे, तो जुळला पाहिजे. आणि ईआरडी, म्हणजे निपल जिथे टेकतात तिथला व्यास, जुन्या रिमइतकाच असेल तर जुने स्पोकही चालतात. नवी रिम जुन्या रिमला शेजारी टेपने बांधून एकेक स्पोक इकडून तिकडे नेता येतो. निपल मात्र नवे घ्या. हे सगळं ॲल्युमिनियमचं. कार्बनची रिम वाकत नाही, थेट तडकते. तिच्यावर मार बसला, रंगाखाली पांढुरकी रेघ दिसली किंवा नाण्याने टकटक केल्यावर एका जागी आवाज बद्द आला, तर ती तिथेच थांबवायची, पाना जवळही न्यायचा नाही. काही कंपन्या अशा रिम बदलून देतात, खरेदीचे कागद काढून बघा.

तुमच्या रिमला तडा सापडला नाही आणि सकाळी हवा टिकलेली दिसली, तर त्याच दिवशी सायकल बाहेर काढा. पहिली फेरी ओळखीच्या, सोप्या वाटेवर, तासाभराची. घरी आल्यावर तिन्ही पोच्यांवरून टॉर्च फिरवा, शेजारचे स्पोक छेडा, हवा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग दुसऱ्या फेरीला तो दगडांचा उतार घ्या, मागे 25 घालून. तिथून आल्यावर पुन्हा टॉर्च. त्यानंतर महिन्यातून एकदा, टायर काढायचं निमित्त होईल तेव्हा, आतून बघितलं तरी पुरे.